लेकीने दाखवलेला कातळ

दिवाळीनंतर आम्ही तिघं दोन दिवस कर्जतजवळ नदीकाठच्या तंबूंत राहायला गेलो. तिघं म्हणजे मी, नवरा आणि एकोणीस वर्षांची लेक. चिंचपोकळीच्या आमच्या दोन खोल्यांत मी ब्लाऊज शिवते. हिंदमाताच्या कापडबाजारात साडी घेतलेल्या बायका तिथून थेट माझ्याकडे येतात, त्यामुळे दिवाळी सरली की मला फक्त पाठ टेकायची असते. लेकीचा बेत वेगळा होता. कॉलेजात गेल्यापासून ती दोर लावून कातळ चढायला शिकली होती आणि तंबूंच्या मागेच तसा एक कातळ होता.

"आई, एकदाच. मी आहे ना खाली," ती म्हणाली.

मी तिची ट्रॅकपँट घातली. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या कमरेला पट्टे आवळले, हेल्मेट चढवलं आणि दोर स्वतःच्या हाती घेतला. पाय कुठे ठेवायचा ते लेक खालून सांगत होती. मजलाभर चढल्यावर भीती कुठे गेली कळलंच नाही. आणखी वर गेल्यावर झाडांच्या शेंड्यांवरून नदीचं वळण दिसलं आणि मला हसू आलं. तेवढ्यात लेकीने उजवीकडे सरकायला सांगितलं, तिथे चांगली खोबण होती. मी सरकले आणि पाय निसटला. दोराने मला धरलं, पण झोका बसून मी बाजूला गेले. कातळ अंगावर येताना बघून मी उजवा हात पुढे केला.

मनगट मोडलं. बाईंनी पुठ्ठा लावून ओढणीने हात बांधला, कर्जतला एक्स-रे काढला आणि दुसऱ्या दिवशी परळला प्लास्टर झालं. सहा आठवडे मशीनला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. हातातली कामं मी शेजारणीकडे दिली. नवरा पोळ्या लाटायला लागला. त्या कशा व्हायच्या ते सांगत नाही, पण आम्ही खाल्ल्या.

लेक रोज माझी वेणी घालायची. तिचे हात हलके होते, पण ती बोलत नव्हती. रविवारी ती चढाईच्या कृत्रिम भिंतीवर सरावाला जायची, तेही बंद झालं. पहिल्यांदा मला वाटलं, परीक्षा असेल. मग एकदा तिचे चढायचे बूट पोटमाळ्यावर, जुन्या चादरींच्या गाठोड्यामागे सापडले.

संध्याकाळी ती माझे केस विंचरत असताना मी बुटांचं विचारलं. तिने कंगवा खाली ठेवला.

"उजवीकडे सरक, असं मीच म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो. आणि वर चल, असंही तूच म्हणाली होतीस. मला आजवर कुणी तसं म्हटलं नव्हतं गं. मी नदी बघितली ना वरून."

ती माझ्या पाठीला डोकं टेकून रडली. मी डाव्या हाताने मागे चाचपत तिचे केस कुरवाळले.

प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकुळा झाला होता. व्यायामाने हळूहळू बळ आलं. मनगट अजून पूर्ण वळत नाही. बाही जोडताना कापडच फिरवून घ्यावं लागतं. पण मशीन चालू आहे.

लेक सरावाला परत गेली. पहिल्या रविवारी मी सोबत गेले, कारण ती एकटी निघेल अशी मला खात्री नव्हती. भिंतीच्या अर्ध्यावर ती थांबली. मला खालून काहीतरी ओरडून सांगावंसं वाटलं, पण मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तिने स्वतःच पाय उचलला आणि टोकाला पोचली.

उन्हाळ्यात पुन्हा कुठेतरी जायचं म्हणतोय. कातळ आहे का, हे मीच आधी विचारलं, तेव्हा नवरा त्याच्या मालवणीत म्हणाला, "आता आणि खयचो डोंगर चढूचो रवलो?" बोलला खरा, पण जागा तोच शोधतोय.