पिंडीजवळ राहिलेलं पत्र

एका पत्रासाठी मी चार महिने हेलपाटे घातले. माझ्या गौरीचे हात जन्मापासून आखडलेले. अभ्यास चोख, पण इतर मुलं तीन ओळी लिहितात तेवढ्यात तिची एक होते. दहावीच्या प्रत्येक पेपरला तिला एक तास जादा द्यावा, एवढंच त्या पत्रात होतं. नियमच तसा आहे, कुणी उपकार करत नव्हतं. तरी प्रत्येक टेबलापुढे मला लेकीचे हात उघडून दाखवावे लागले. वर लोक म्हणत, देवाची मर्जी. तेव्हा मला देवाचाही राग यायचा.

राग आला तरी सवय सुटत नाही. पहिल्या पेपरच्या सकाळी आम्ही किन्हीराजा गावच्या महादेवाला गेलो. हॉलतिकीट आणि पत्र पिंडीजवळ ठेवून हात जोडले. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. गडबडीत मी हॉलतिकीट उचललं आणि पत्र तिथंच विसरले. परीक्षा केंद्रावर पिशवी उपसली तेव्हा कळलं.

"आमच्याकडं काही आलं नाही, बाई," केंद्रावरचे साहेब म्हणाले. "ओरिजनल दाखवा, नाही तं दोन वाजता पेपर घेऊन घेऊ."

पत्राचा मोबाइलमधला फोटो चालेना. "साहेब, पोरीचे हात तं पाहा," मी म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक माझी होती, कबूल. पण चार महिने मला फिरवणाऱ्यांनी एक प्रत केंद्रावर पाठवायची नाही आणि भोगायचं माझ्या लेकीनं?

गौरी आत लिहायला बसली. तिला मध्येच बाथरूमला न्यायला मीच लागते, त्यामुळे केंद्राचं फाटक सोडता येईना. नवरा कामाला परजिल्ह्यात. शेजारणी शेतात हरभरा सोंगायला गेलेल्या, कुणाचा फोन लागेना. कडुलिंबाखाली बसून मी महादेवाला मनात वाट्टेल ते बोलले. शेवटी म्हटलं, माझं सगळं करून झालं, आता तुझं तू बघ. त्यात भक्ती कमी आणि संताप जास्त होता.

दीडच्या सुमारास एक अनोळखी म्हातारी फाटकाशी आली. पदरात गुंडाळलेला कागद तिनं पुढे केला.

"गौरीची माय तूच का? पिंडीवर पानी घालाले गेली, लोटा कलता करणार तं हा दिसला. लेकराचा फोटो, वर शिक्का. मले वाचता येत नाही. परीक्षेचा असंन म्हनून एसटीत चढली, कंडक्टरनं नाव अन् सेंटर वाचून सांगितलं."

"आजी, तुमच्या कामाचा खाडा झाला."

"होऊ दे. तू पयले आत जाय."

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि "ठीक आहे" म्हणाले. चुकलं, असं काही म्हणाले नाहीत. मी बाहेर आले तोवर आजी गेल्या होत्या. बाहेरगावाहून सोंगणीला आलेल्या मजूर बायांपैकी असाव्यात. पुढे बरंच विचारलं, पण पत्ता लागला नाही. गौरी तीन वाजता पूर्ण पेपर लिहून बाहेर आली.

याला कुणी काय म्हणायचं ते म्हणावं. मी देवावर रुसून बसले होते, तेव्हा माझा कागद कुणाच्या तरी पदरात वाटेवर होता, एवढं मला माहीत आहे. तेव्हापासून सगळं माझ्याच हातात आहे असं मी मानत नाही. साहेबांवरचा राग मात्र गेलेला नाही, आणि महादेवाने तो सोडायला सांगितलंय असं मला वाटत नाही.

दुसऱ्या पेपरला पिंडीजवळ झेरॉक्स ठेवली, पत्र पिशवीतच राहू दिलं. गौरीनं जुळतील तेवढे हात जोडले आणि म्हणाली, "त्या आजीले सुखी ठेव."