हळदीच्या दिवशी आलेली श्रद्धांजली

आमच्या दादाने जन्मात एक बातमी तपासून पाहिली नव्हती. तानसा धरण फुटल्याचा मेसेज त्याने अख्ख्या किन्हवलीला पाठवला आणि स्वतः पाय पसरून चहा पीत बसला. विचारलं तर म्हणे, आलंय म्हणजे खरंच असणार, लोक काय येडे आहेत? आहेत, हे मी त्याला कितीदा सांगितलं.

मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, नवरा मुरबाडचा. हळदीच्या दुपारी गावच्या ग्रुपवर फोटो आला. शेणव्याचे आबा, म्हणजे आमच्या वडिलांचे चुलतभाऊ. फोटोला हार, खाली समई, भावपूर्ण श्रद्धांजली. भावकीतलं माणूस गेलं की दहा दिवस सुतक, आणि सुतकात कसलं लग्न! मंडप उभा, डीजे दारात, आणि उद्याचं सगळं बोंबललं.

झालं, दादाच्या अंगात पत्रकार संचारला. फोटो कुणी टाकला? त्याला कुणी सांगितलं? त्याने डोळ्यांनी पाहिलं काय? आत्या तर त्याच्याही वरताण. तिने निकाल दिला की सुतक कानावर पडल्यावर लागतं, मोबाइलवर वाचलेलं कानावर पडत नाय. तेव्हा शेणव्याला फोनबिन करायचा नाय, परवा बघू. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी माना डोलावल्या. याच माणसांनी घटकाभरापूर्वी ग्रुपवर आबांना हात जोडले होते.

पुतणी मात्र हिरवा चुडा भरून रडत बसली होती. तिला लग्न मोडायला नको होतं आणि असं चोरून करायलाही नको होतं. "काका, तू जाऊन बघ," ती मला म्हणाली. आबांचा फोन लागत नव्हता. मी मोटारसायकल काढली आणि वाटेत देवाला विनवलं, बाबा रे, म्हातारा जिवंत असू दे, निदान उद्यापर्यंत तरी.

आबा ओटीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते, शेजारी काकू तांदूळ निवडत होती. गेला होता तो त्याच नावाचा, कुठल्या लांबच्या गावचा माणूस. फोटो मात्र कुणा दीडशहाण्याने आमच्या आबांचा चिकटवला होता. मी दादाला फोन लावला. "आबा आहेत" एवढंच म्हणालो, तर तिकडे डीजे सुरू झाला. कसे आहेत, हे विचारायला दादा थांबला नाही.

आबांना मी सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. मग माझा मोबाइल घेऊन हळहळलेल्यांची नावं एकेक करून वाचू लागले. भाचे, पुतणे, सोयरे, पलीकडच्या आळीतले दोघे.

"एवढ्यांनी हात जोडले," ते म्हणाले, "अन् बघाया आलास तू एकटा."

मी जरा फुललो. म्हटलं, कुणीतरी खात्री करायला नको का?

आबांनी मोबाइल परत दिला आणि पुन्हा गुडघा चोळायला घेतला.

"लगीन नसतं, तर आला असतास काय रे?"

मी काकूकडे पाणी मागितलं.