कण्हेरीची आठ रोपं

रावजीची तीस वर्षं मिठागरात गेली. पाणी किती खारलंय, ते तो जिभेवर थेंब ठेवून सांगायचा आणि मुकादम त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. मिठागरं बुजली, तसा तो नागावला हेतलबेनच्या बंगल्यावर माळी झाला. जीभ मात्र तीच राहिली. म्हणून तर ‘चुकून झालं’ असं त्याला स्वतःशीसुद्धा म्हणता येईना.

फाटकालगत बेनला जांभ्या दगडाचा, कमरेएवढा उंच वाफा हवा होता, बारा महिने हिरवा. लाल मातीचा टेम्पो कमी पडला आणि शनिवारी बेन येणार होत्या. रावजीनं खाडीच्या बांधावरून माती आणली. सवयीनं चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकला, आणि तरी वाफ्याच्या एका टोकाला ओतली. वर लाल मातीचा थर दिला. खारेपणा पाण्याबरोबर जिरून जाईल, त्याला वाटलं.

जिरला नाही. त्या टोकाला लावलेली तगरीची आठही रोपं कडांपासून करपत गेली. वाफा बोळका दिसायला लागला.

“रावजीभाई, हे काय झालं?”

“रोपंच कच्ची होती, बेन.”

तोंडातून निघून गेलं. बेननी त्याच्यादेखत रोपवाटिकेच्या नीराबाईला फोन लावून चांगलं सुनावलं. आणि आज बदली रोपं निवडायला त्यालाच तिच्याकडे धाडलं.

“ये दादा.” नीराबाईनं झारी खाली ठेवली. “चहा टाकू?”

“नको.”

“बेन मला बोलली, तू का तोंड पाडतोस? बघ, कुंती घे. पान झडत न्हाय. क्रोटन हाय. तगर मात्र मागू नको, सगळी खेप उपटून टाकली.”

“सगळी?”

“दोनशे पिशव्या. मुळाला कीड असली तर आणखी कुणाच्या दारात मरायला नको. मला तर काय दिसलं न्हाय. चष्म्याचा नंबर वाढला असंल. अलिबागला जाऊन येते.”

रावजी कण्हेरीच्या रांगेपाशी गेला. खाऱ्या मातीला कण्हेर दाद देत नाही. ही आठ लावली की खड्डे भरतील आणि विचारणारं कुणी उरणार नाही. त्यानं मोजून आठ पिशव्या बाजूला काढल्या.

“कण्हेर?” नीराबाई हसली. “ती लोक दर्याकडच्या कुंपणाला नेतात, खारं सोसते म्हणून. तुझा वाफा तर लाल मातीचा ना?”

तिच्या विचारण्यात काहीच नव्हतं. तेच त्याला सोसेना.

“नीराबाय, तुझी रोपं चांगली होती.”

“बरं वाटावं म्हणून बोलू नको.”

“माती खारी हाय. मी घातली. चाखून घातली.”

नीराबाई तगरीच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

“चाखून?”

“व्हय.”

“आणि मी आपली डोळे तपासायला निघालेय.”

तिनं कण्हेरीच्या आठही पिशव्या एकेक करून जागेवर ठेवल्या. “आधी ती माती उपस. सगळी. मग कुंती ने.”

“नेतो.”

“आणि फोन लाव. माझ्यासमोर.”

त्यानं लावला. ती पाठ करून झारीनं पाणी घालायला लागली, पण झारी एकाच रोपावर वाहत राहिली.

“हां, बोला रावजीभाई.”

त्याच्या जिभेवर ती माती अजून होती.

“बेन,” तो म्हणाला, “रोपं कच्ची नव्हती.”