वाणाच्या टोपल्या

बांगलादेशची लढाई होऊन पाचसहा वर्षं झाली असतील. आम्ही लखनौला, तेलीबागेच्या बाजूला फौजी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाजाराच्या वाटेवर एक बंगाली बाई म्हाताऱ्या आईसोबत बांबूच्या टोपल्या विणत बसलेली असायची. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेली माणसं ती. भावाला हिमालयाच्या पायथ्याशी तराईत सरकारी जमीन मिळाली होती, पण भावजयीच्या हाताखाली राहायचं नाही म्हणून मायलेकी इथं आल्या होत्या.

मी कुणाशी फारशी बोलत नसे. हिंदीत तर जीभ अडखळायची. ती बाईही कमी बोलायची, त्यामुळे तिच्याजवळ उभं राहायला मला बरं वाटे. तिच्याकडून मी झाकणाची एक टोपली घेतली होती. तीत गरम पोळ्या ठेवल्या तरी वाफेचं पाणी सुटत नसे.

थंडीत एकदा तिनं आपणहून सांगितलं की भाऊ येऊन गेला. होळीपर्यंत दोघींचं पोट इथं भरलं तर ठीक, नाहीतर सामान बांधून त्याच्याकडे चालायचं. विकायला माल हवा, मालाला बांबू हवा, आणि बांबूवाला उधार देत नव्हता.

संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवाच्या वाणासाठी ह्यांनी पैसे दिले होते. ते मी तसेच तिच्या हातात ठेवले. टोपल्या विणून घेतल्या आणि राहिलेल्या पैशांत तिनं विकायच्या मालासाठी आणखी बांबू आणला.

हे हसले. "बायका स्टीलच्या वाट्या वाटतात आणि तू टोपल्या? सुभेदारीणबाई काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं.

बायकांना टोपल्या फार आवडल्या. सुभेदारांच्या बाई झाकण उघडून मिटून बघत म्हणाल्या, "तोंडातून शब्द फुटत नाही हिच्या, पण वाण बघा कसं निवडलंय!" मला वाटलं, आता सगळ्या त्या टोपलीवालीकडे रांग लावतील.

एकही गेली नाही. केलेला माल फडक्याखाली तसाच पडून होता. "दीदी, आपकी तरफ से तो कोई नहीं आया," ती म्हणाली. शेवटी धीर करून मी सुभेदारीणबाईंना विचारलं.

"अगं, आता कशाला घेऊ? तूच दिलीस ना! एका घरात किती टोपल्या ठेवायच्या?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जी घरं तिचं गिऱ्हाईक झाली असती, नेमक्या त्याच घरांत मी टोपली फुकट पोचवली होती. रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "क्वार्टरांच्या लाइनीत काय मराठीच राहतात?"

खरंच, हळदीकुंकवाला मी फक्त आपल्या बायका बोलावल्या होत्या. शेजारी पंजाबी कुटुंब होतं, पलीकडे गढवाली. दुसऱ्या दिवशी गरम पोळ्यांची टोपली घेऊन मी पंजाबी बाईंच्या दारात उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. नुसतं झाकण उघडून म्हणाले, "देखिए, गीली नहीं होती."

"अरे वाह!" त्यांनी पोळी दाबून बघितली. मग आतल्या बाजूला ओरडल्या, "सुनते हो? भाभीजी बोलती भी हैं!"

त्या माझ्याबरोबर बाजारात आल्या आणि दोन टोपल्या घेतल्या, एक नणंदेसाठी. पुढच्या आठवड्यात गढवाली बायकांना त्याच घेऊन गेल्या. त्यांना मोठ्या टोपल्या हव्या होत्या, त्या तिनं विणून दिल्या.

होळीला भाऊ आला तेव्हा योगायोगानं मी तिथंच होते. सामान कुठं बांधलेलं नव्हतं. तिनं वर न बघता त्याच्यापुढं कोयता आणि बांबू सरकवला. "आए हो तो चीर दो. फौजी लोगों का काम है, देर नहीं चलेगी."

तो बाह्या वर करून बसला. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती. दोन दिवस बांबू चिरून तो एकटाच तराईला परत गेला.