पाणी ढगातून येतं

ट्रेनिंगची परीक्षा पास होऊन मी सणसरजवळच्या एका वस्तीवर मास्तरीण म्हणून गेले, तेव्हा माझं वय वीस होतं आणि अक्कल त्याहून कमी. पन्नास साल नुकतंच मागं पडलं होतं. चावडीच्या पडवीत शाळा भरायची. वरचे वर्ग हेडगुरुजींकडे, बिगरी आणि पहिली माझ्याकडे. बालमनाचं शास्त्र मी वहीभर उतरवून आणलं होतं आणि ते मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ झालं म्हणजे समजलं, असं मानणाऱ्या मूर्खांपैकी मी एक होते.

हेडगुरुजी दुसरे. त्यांच्या लेखी मूल म्हणजे रिकामं पोतं. भरायचं, तोंड शिवायचं आणि साहेबापुढं नेऊन ठेवायचं. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला गावात दिपोटी म्हणत. दिपोटी येणार असा कागद आला की गुरुजींच्या अंगात विद्या संचारायची. ते प्रश्न आणि उत्तरं काढायचे आणि बसायच्या क्रमानं एकेका पोराला एकेक वाटून द्यायचे. आपल्या वाट्याचं सोडून दुसऱ्याचं उत्तर कुणी शिकायचं नाही, गोंधळ होतो, अशी सक्त ताकीद होती. घरी दावणीला दोन गाई असलेलं एक पोरगं ‘गाय दूध देते’ हे आठ दिवस घोकत बसलं होतं. आणि त्याच्याकडून ते घोकून घेत मी समोर बसले होते.

बिगरीत सहा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या बापानं मेंढरं भावाच्या हवाली करून कालव्याखालची थोडी जमीन धरली होती. वांगी-मिरच्या पिकवायचा आणि बारामतीच्या बाजारात न्यायचा. एकदा तो शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “बाई, पोरगी पैलीत गेली तर शिकू द्या. न्हाय गेली तर चुलत्याच्या मेंढरांमागं धाडतो. तितं तरी कामाला यील. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, समदं वळखती ती.”

पहिलीत कोण जाणार ते दिपोटी ठरवणार होता. म्हणजे त्याच्यापुढं ती बोलली तर शाळा, नाहीतर मेंढरं.

तिच्या वाट्याला प्रश्न आला होता, पाणी कुठून येतं? उत्तर, पाणी ढगातून येतं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “कालव्यातनं.”

“आणि कालव्यात कुठून येतं?”

“पाटकरी दार उघडतो, मंग येतं.”

पोरांपैकी कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांचं मत तेच होतं. पलीकडच्या वर्गातून हसले ते गुरुजी. मी माझं बालमनाचं शास्त्र पाजळत, आवाजात साखर घालून म्हटलं, “अगं, ढगातून पाऊस पडतो ना? तेच पाणी कालव्यात येतं.”

तिनं मान खाली घालून विचार केला. मग म्हणाली, “न्हाय बाई. पाऊस आला की पाटकरी दार लावतो. बा म्हनतो, आता पाऊस हाय, पानी न्हाय सुटायचं. अन् ऊन तापलं की कालवा भरून येतो. तवा तर ढगच नसत्यात.”

आमच्या तिकडं पाऊस नावाला. कालव्याचं पाणी येतं ते लांबच्या डोंगरातल्या धरणातून, आणि ते धरण तिनं पाहिलं नव्हतं, तिच्या बापानं नव्हतं आणि मीही पाहिलं नव्हतं. दोन उन्हाळे आणि एक पावसाळा एवढीच तिची आठवण. ती तिनं शेजारी शेजारी मांडली, बापाचं बोलणं त्यात मिळवलं आणि एक निष्कर्ष काढला. जे पाहिलं त्यात ती तसूभर चुकली नव्हती. चुकली ती न पाहिलेल्यात. मूल ज्ञान कसं घडवतं यावर माझ्या वहीत अकरा पानं होती, आणि ते डोळ्यांसमोर घडलं तेव्हा मला ते ओळखता आलं नाही. मला फक्त राग आला, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला चटकन देता येत नव्हतं.

एक दुपार खर्ची घातली असती, पडवीपुढं मातीचा बांध घालून पाणी अडवून दाखवलं असतं, तर झालं असतं. पण तपासणी चार दिवसांवर आली होती. मी म्हटलं, “ढगातून म्हण.”

“पर बाई, उन्हाळ्यात—”

“पर नाही आणि बीर नाही. ढगातून.”

तिसऱ्या दिवशीही तिनं ‘पर’ काढला तेव्हा मी तिच्या तळहातावर पट्टी मारली. हे तिच्या भल्यासाठी, असं मी मनाला बजावत होते. भल्यासाठी मारणाऱ्या माणसांची मला शिसारी येते, आणि त्या यादीत मी पहिली आहे.

दिपोटी छकड्यातून उतरला तो थेट गुरुजींच्या घरी कोंबडीवर ताव मारायला बसला. तिथून ढेकर देत शाळेत आला. पहिल्याच पोराला त्यानं विचारलं, “काय बाळ, नाव काय तुझं?”

“गाय दूध देते!” पोरगं ठणठणीत ओरडलं.

साहेब हसले म्हणून गुरुजी हसले, गुरुजी हसले म्हणून मी हसले. कोंबडी चांगली झाली असावी, कारण साहेबांनी शेऱ्यात ‘तयारी उत्तम’ असं लिहिलं.

मग तिची पाळी आली. ती उठली, हाताची घडी घातली आणि माझ्याच हेलात, माझीच साखर घालून म्हणाली, “पाणी ढगातून येतं.” घरातलं ‘पानी’सुद्धा गेलं होतं. साहेबांनी तिला शाबासकी दिली आणि पहिलीत घातलं. दुसऱ्या दिवशी तिच्या बापानं माझ्या दारात पाटीभर वांगी आणून ठेवली. मी ती ठेवून घेतली आणि आठवडाभर मिटक्या मारत खाल्ली. मी एक पोर मेंढरांमागून सोडवून आणलंय, ही शेखी मी पुढं बरेच दिवस मिरवत होते.

नंतर एकदा मी पहिलीच्या पोरांना शिवारात नेलं. एका रानात नांगर चालला होता आणि त्याच्यामागं पांढऱ्या बगळ्यांची रांग लागली होती. मी विचारलं, “सांगा बरं, हे बगळे नांगरामागं का चालतात?”

ती माझ्या शेजारीच उभी होती. पोरांनी ओरडाआरडा सुरू केला, कुणी किडे म्हणालं, कुणी गांडुळं. बगळ्यांकडं तिनं पाहिलंही नाही. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती.

मी म्हटलं, “तू सांग की गं.”

“काय म्हणायचं, बाई?” तिनं विचारलं.