माझ्या साडूंचा उजळणारा उंदीर

माणसांच्या बोलण्यावर अजिबात विश्वास नसलेला आणि उंदरांवर पूर्ण भिस्त ठेवणारा माझ्या साडूंसारखा गृहस्थ अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही. महाप्याच्या एका प्रयोगशाळेत ते सेन्सर बनवतात. जिवंत उंदराच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे सुखाची चाहूल देणारं रसायन सुटलं, की हिरवं उजळणारं प्रथिन. आमच्या कोपरखैरण्याच्या घरी पोह्यांतल्या मटारावर बोट ठेवून त्यांनी मला हे समजावलं होतं. तेव्हापासून बायको त्यांच्या पोह्यांत मटार घालत नाही. समजावेपर्यंत पोहे गार होतात.

उंदीर वासाने बिथरतात, म्हणून प्रयोगाच्या दिवशी साबण, तेल, पावडर सगळं बंद. एका दिवाळीला पहिली आंघोळसुद्धा नुसत्या पाण्याने केली. मेव्हणी म्हणाली, "लग्नाच्या दिवशी तेवढं अत्तर लावलं होतं, तिथेच फसले मी." कुणी "मस्त वाटलं" म्हटलं की हे विचारणार, "कशाच्या तुलनेत?"

दर रविवारी सकाळी ते स्कूटरवरून आमच्याकडे यायचे. मी "या" म्हणायचो आणि पुन्हा पेपरात. मला बोलायला जमत नाही. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

गेल्या वर्षी मात्र त्यांची झोप उडाली. उंदराला गोड पाणी द्यायच्या आधीच सेन्सर उजळायचा. बिघडला समजून त्यांनी प्रथिन बदललं, तारा बदलल्या. शेवटी कळलं, त्यांच्या रबरी चपलांचा आवाज आला, की आता गोड पाणी येणार म्हणून उंदीर आधीच खूश होत होता. सेन्सर बरोबरच होता.

"इतके दिवस मी ते आधीचं उजळणं नोंदींतून कचरा म्हणून पुसत होतो हो," ते खाली बघत म्हणाले.

"बघा भावोजी," बायको म्हणाली, "तुमच्या येण्याने निदान कुणीतरी खूश होतंय."

सगळे हसले. मी पेपराचं पान उलटलं.

आता ते हैदराबादला चाललेत, कायमचे. परवा झाला तो त्यांचा इथला शेवटचा रविवार. खाली स्कूटर थांबली आणि छातीत काहीतरी हललं. खरं सांगायचं तर ते दर रविवारी हलत आलंय. मी फक्त पेपर आडवा धरत आलो. निदान आज तरी सांगू, म्हणून उठलो आणि त्यांचं बोट बेलपर्यंत पोचायच्या आत दार उघडलं.

"बेल तर वाजलीच नाही," ते बोट तसंच धरून म्हणाले.

"स्कूटर वाजली," मी म्हणालो.

 "कशाच्या तुलनेत?" असं काही त्यांनी विचारलं नाही. चपला काढताना मात्र त्यांनी जरा जास्तच आवाज केला.