पोळ्याच्या आंघोळीचा फेस

पोटासाठी गाव सोडलेल्या माझ्या ई-मेलवरच्या गाववाल्यांनो, घरचं वाईट आपल्याला नेहमी उशिरा कळतं. म्हणून आज मुद्दाम नगरच्या सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

आज पोळा. सकाळी ओढ्यावर बैल धुवायला नेले, तर पाणी कोऱ्या चहासारखं आणि वर फेस. शेजारचे किसनतात्या खूश झाले. "साबनाचं कामच न्हाई, लई बुळबुळीत हाय!" म्हणत त्यांनी बैलाला तोच फेस चोळला. दुपारी झूल चढवताना बैल थरथरला. पाठीचं कातडं लाल झालं होतं.

वरचा कागद कारखाना उसाचा चोथा कॉस्टिक सोड्यात, म्हणजे हाताला बुळबुळीत लागणाऱ्या पण कातडं जाळणाऱ्या क्षारात, शिजवतो. चोथ्याचे धागे बांधून ठेवणारं लिग्निन त्यात विरघळतं, आणि ते काळं पाणी आता ओढ्यात येतंय. मी जाब विचारला, तर मॅनेजर म्हणाला, "उसाचंच तर आहे, भाषण कशाला?"

"मग घ्या एक पेला!"

त्यानं फाटक लावून घेतलं.

परतताना ओढ्याकाठच्या विहिरीत पोहरा सोडला. पाणी पिवळं आलं. तात्यांच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "गढूळपना हाय, निवळंल." लिग्निन निवळत नाही. आणि पुरणाचा स्वयंपाक त्याच पाण्यात झालाय.

माझं कोणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील. आत्ता घरी एसटीडी लावा आणि विहिरीचं पाणी बंद करायला सांगा.